चीक टाकू नका

कल्याण-डोंबिवलीकडे बायका बहुधा दवाखान्यातच बाळंत होतात. पण मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात ओढा भरतो, वाट बंद होते. मग एखादी बाई घरीच बाळंत होते. कळा सुरू होताच १०८ नंबरला फोन करावा आणि दवाखाना गाठावा, हे खरे. पण मूल काही गाडीची वाट पाहत थांबत नाही. अशा वेळी काय करावे, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे. पुरुषांनीही हा पाठ वाचावा. "हे बायकांचे काम" म्हणून ओटीवर बसून राहू नये.

मूल जन्मले, की ते कोरड्या कपड्याने पुसावे आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. वरून दोघांना पांघरूण घालावे. आईच्या अंगाची ऊब ही बाळाची खरी शेगडी. नाळ कापायला नवे ब्लेड घ्यावे. बेंबीला राख, शेण, हळद काही लावू नये. त्या दिवशी आंघोळ घालू नये.

आता दुधाचे सांगतो. गाय व्याली, की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. वासराला चीक मिळाला नाही, तर ते अशक्त राहते, हेही आपल्याला माहीत आहे. मग आपल्याच लेकराच्या वाट्याचा चीक आपण पिळून का टाकतो? आईचा चीक पिवळा आणि दाट असतो. तो नासका नसतो. रोगाशी झुंजण्याचे बळ त्यातून बाळाला मिळते. म्हणून पहिल्या तासाभरातच मूल अंगावर घ्यावे. मध, गूळपाणी, घुटी देऊ नये. मधाने तान्ह्या मुलाला विषबाधाही होऊ शकते. सहा महिने आईचेच दूध द्यावे, वर पाणीसुद्धा नको.

दुसऱ्या दिवशी घरोघर एकच बोलणे ऐकू येते.

सासू म्हणते, "आशाताई, हिला दूधच नाय. पोर सारखं रडतंय. बाटली आणू का?"

"नको, मावशी. चीक चमचा-चमचाच येतो. बाळाचं पोट तरी केवढं? ते चोखेल तसं दूध उतरेल. बाटली दिली, तर ते चोखायचं कमी करील आणि दूधही कमी येईल."

सून हळूच म्हणते, "ताई, पाजताना फार दुखतं हो."

"बाळ नुसतं टोक धरतंय ना? त्याचं पोट तुझ्या पोटाला लाव. तोंड मोठं उघडू दे. भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. मग दुखायचं कमी होईल."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून छाती दगडासारखी होते. तेव्हा पाजणे थांबवू नये. थोडे दूध हाताने काढावे, म्हणजे बाळाला नीट धरता येते. दिवसारात्री मिळून आठ-दहा वेळा तरी पाजावे. पाचवी पुजून झाली, की लंगोट मोजा. दिवसात सहा वेळा भिजले, तर दूध पुरते आहे. मूल अशक्त असून चोखत नसेल, तर काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजत दवाखान्यात न्यावे.

घरी घेतलेल्या काळजीने काय होते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन तान्ही मुले तपासू लागल्या. ३९ गावांतल्या या कामाचा निकाल १९९९ साली छापून आला. नवजात मुलांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. आज आशाताई घरी येते, ती त्याच वाटेने. घरी बाळंतपण झाले, तर पहिल्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत तिच्या सात फेऱ्या असतात. तिला दारातूनच परत पाठवू नका.

मूल दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास भरभर चालू लागला, किंवा आईचे रक्त थांबेना, वार पडेना, तर सटवाईच्या लेखावर सोडू नका. रात्र असली तरी तडक निघा. वाटेत बाळ आईच्या छातीशीच ठेवा.