दुधाची किटली आणि लिस्ट ऑफ ऑब्जेक्ट

प्रोग्रॅम अडला की आपण पहिली शिवी कंपायलरला देतो. मीही दिली होती, आणि ती मला चांगलीच महागात पडली.

दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलच्या मेसचा हिशेब वेबपेजवर आणायचे काम माझ्याकडे आले. भाषा सी शार्प, पेज एएसपी डॉट नेटचे. थकबाकीदार मुलांची यादी माझ्याकडे तयार होती, म्हणजे ‘लिस्ट ऑफ स्टुडंट’. तक्ता काढायला एका सीनियरने लिहून ठेवलेले फंक्शन होते. पण ते पुस्तकं, सामान, मुलं सगळ्यांसाठी चालावं म्हणून त्याला हवी होती ‘लिस्ट ऑफ ऑब्जेक्ट’.

मी माझी यादी दिली. कंपायलर म्हणाला, चालणार नाही. मला काही पटेना. प्रत्येक स्टुडंट हा ऑब्जेक्टच, मग स्टुडंटची यादी ही ऑब्जेक्टची यादी का नाही?

शेवटी पळवाट काढली. यादी आधी नुसत्या ऑब्जेक्टमध्ये टाकली आणि मग ‘अ‍ॅज’ लावून तिला लिस्ट ऑफ ऑब्जेक्ट करायला गेलो. कंपायल झाले! मी खूश होऊन झोपलो. पण रूपांतर जमले नाही तर ‘अ‍ॅज’ ओरडत नाही, गुपचूप हातावर नल ठेवतो. फंक्शनने नल बघून छापले, ‘नोंदी नाहीत’. सकाळी त्याचा प्रिंट नोटीस बोर्डावर लागला. संध्याकाळी मेसच्या काकांनी मला विचारले, “मग सगळ्यांचे पैसे आले म्हणायचे का? किराणावाल्याला उद्या देतो म्हणून सांगू?” मला मान वर करता येईना.

आता कंपायलर का अडला ते पाहू. दूध हा पातळ पदार्थ आहे. पण दुधाची किटली म्हणजे ‘कोणत्याही पातळ पदार्थाची किटली’ नव्हे. तसे मानून ती कुणाला दिली, तर तो त्यात रॉकेल ओतायला मोकळा! लिस्टचे तसेच. लिस्ट ऑफ ऑब्जेक्टमध्ये काहीही घालता येते. सीनियरचे फंक्शन तेच करत होते: यादीच्या शेवटी ‘एकूण’ असा मजकूर घालत होते. ते चालू दिले असते, तर माझ्या मुलांच्या यादीत एक स्ट्रिंग विद्यार्थी म्हणून बसली असती.

मग बरोबर उपाय कोणते?

१) नवी यादी करा. २००५ मध्ये सी शार्प २.० बरोबर जेनेरिक्स आले, तेव्हापासून लिस्टला ‘कन्व्हर्टऑल’ आहे. २००७ मध्ये डॉट नेट ३.५ बरोबर लिंक आले; त्यात ‘कास्ट’ करून पुढे ‘टूलिस्ट’ लावले की काम होते. नव्या यादीत ‘एकूण’ घातले तरी मूळ यादी जशीच्या तशी राहते. मात्र लक्षात ठेवा, यादी नवी असली तरी आतले विद्यार्थी तेच. स्टुडंट हा क्लास असल्याने फक्त त्यांचे पत्ते कॉपी होतात. नव्या यादीतून एखाद्याची बाकी शून्य केलीत, तर ती जुन्या यादीतही शून्यच दिसणार.

२) फक्त वाचायचे असेल तर कॉपीच नको. फंक्शनला लिस्टऐवजी ‘आयइन्यूमरेबल ऑफ ऑब्जेक्ट’ घ्यायला सांगा. ही किटली फक्त ओतून घेण्याची, तिच्यात काही ओतता येत नाही. म्हणून २०१० च्या सी शार्प ४.० पासून तिथे लिस्ट ऑफ स्टुडंट सरळ देता येते. याला कोव्हेरियन्स म्हणतात. पण हे क्लाससाठीच. पूर्णांकांची म्हणजे इंटची लिस्ट अशी सरळ जात नाही. तिथे प्रत्येक आकड्याचे बॉक्सिंग करावे लागते, म्हणून ‘कास्ट’च वापरा.

मी दुसरा उपाय केला. फंक्शन फक्त वाचणारे केले आणि ‘एकूण’ची ओळ यादीत न घालता तक्त्याखाली वेगळी छापली. दुसऱ्या दिवशी खरी यादी लागली. तिच्यात माझेही नाव होते.

काकांकडे जाऊन आधी माझी बाकी भरली, मग चूक सांगितली. तेव्हापासून कंपायलर अडला की मी पळवाट शोधत नाही. या किटलीत रॉकेल कोण ओतणार आहे, ते आधी शोधतो.