वाचकांचे प्रश्न : फौजेतल्या पगारावर बायकोमुलांचा हक्क

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सासरी राहते. माझे पती एमआयडीसीत कामाला आहेत आणि टेरिटोरियल आर्मीतही आहेत. गेल्या वर्षी त्यांची बटालियन एम्बॉडी झाली आणि ते जम्मूकडे गेले. सुरुवातीला पैसे येत होते, मग बंद झाले. आता फोनही उचलत नाहीत. मध्यंतरी सुट्टीवर आले तेव्हा घरी न येता दुसरीकडेच राहून गेले. मुलगी सातवीत आहे, मुलगा तिसरीत. मी ब्लाऊज शिवते, पण त्यात भागत नाही. दीर म्हणतात, ‘फौजीच्या पगाराला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही. आणि तक्रार केलीस तर त्याची नोकरी जाईल, मग सगळेच उपाशी.’ हे खरं आहे का? मी कुठे जाऊ?

उत्तर : ताई, तुमच्या दिरांनी कायद्याचं अर्धंच वाक्य तुम्हाला ऐकवलं आहे. सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 28 नुसार दिवाणी किंवा महसूल न्यायालयाला सैनिकाचा पगार जप्त करता येत नाही, इतकं खरं. पण त्याच अधिनियमाचं कलम 91 सांगतं की जवानाच्या बायकोच्या आणि मुलांच्या पोटगीसाठी लष्कर स्वतः त्याच्या पगारातून रक्कम कापू शकतं. अधिकाऱ्यांसाठी तशीच तरतूद कलम 90 मध्ये आहे. पगाराला दिलेलं संरक्षण सावकारापासून आणि देणेकऱ्यांच्या दाव्यांपासून आहे. पोटच्या मुलांना उपाशी ठेवण्याची मुभा त्यातून कुणालाच मिळत नाही.

आता तुमच्या प्रकरणातली नाजूक गोष्ट. टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजे टीएचा, जवान बारा महिने फौजेत नसतो. एरवी तो आपल्या नोकरीधंद्यात असतो, वर्षातून ठरावीक काळ ट्रेनिंगला जातो आणि बोलावणं आलं की एम्बॉडी होतो, म्हणजे पूर्णवेळ फौजी सेवेत जातो. 2025 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने टीएच्या 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन बोलावण्याची परवानगी लष्करप्रमुखांना दिली, तेव्हा असा प्रसंग पुष्कळ घरांवर आला. एम्बॉडी असेपर्यंत त्याला लष्कराचा पगार मिळतो आणि सैन्य अधिनियमही लागू असतो. बटालियन डिसएम्बॉडी झाली की तो पगार थांबतो आणि पगारातली कपातही थांबते. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच : पती एम्बॉडी आहेत तोवरच युनिटकडे अर्ज करा आणि त्याच सुमारास न्यायालयातही जा. एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरं थांबवू नका.

युनिटचा अर्ज साधा असतो. बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावे, मराठीत लिहिला तरी चालेल, सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडली तर काम लवकर पुढे सरकतं. लग्न कधी झालं, पैसे कोणत्या महिन्यापासून बंद झाले, घरखर्च किती, तुमची कमाई किती, हे सरळ लिहा. शिवणकामाचे पैसे लपवू नका. थोडीफार कमाई असल्याने हक्क जात नाही, पण लपवलेलं उघड झालं तर तुमच्या बाकीच्या शब्दावरचाही विश्वास उडतो. सोबत लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, तुमच्या एकटीच्या नावाच्या बँक खात्याचं पासबुक आणि पूर्वी पैसे येत होते ते दाखवणाऱ्या नोंदी जोडा. पतीचा आर्मी नंबर अर्जात हवाच. जुनी पत्रं, डिपेंडंट कार्ड, कॅन्टीनचं कार्ड यांवर तो सापडेल. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

पुढे काय होतं? युनिट पतीकडे खुलासा मागतं, त्यांना कारणे दाखवा नोटीस जाते. मग अर्ज कमांडच्या प्रमुख अधिकाऱ्यापर्यंत जातो, कारण पगारातून कपातीचा हुकूम तिथून निघतो. लष्कराच्या 2001 च्या आदेशानुसार पत्नीसाठी पगार-भत्त्यांच्या 22 टक्क्यांपर्यंत आणि प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्क्यांपर्यंत रक्कम मंजूर होते, एकूण 33 टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे पगार-भत्ते मिळून 50,000 रुपये असतील, तर तुमचे 11,000 आणि दोन मुलांचे 5,500, असे जास्तीत जास्त 16,500 रुपये. ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. या सगळ्याला महिने लागतात आणि ज्या घरात किराणा उधारीवर येतो तिथे महिने फार मोठे असतात. न्यायालयात लगेच जा म्हणते ते त्यासाठीच.

न्यायालयाचा अर्ज तुमच्या राहत्या ठिकाणीच करता येतो, जम्मूला जायची गरज नाही. पूर्वीच्या कायद्यातल्या कलमावरून याला ‘125 ची केस’ म्हणत, आजही कोर्टात तोच शब्द ऐकू येईल. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली चालते. अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, आणि जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्याच्याकडे करायचा. मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढावा, असं कायदाच सांगतो. नोटीस पतीच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावण्याची मागणी करा, म्हणजे ‘पत्ता सापडत नाही’ हे कारण उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाचं नाव वकिलांना आवर्जून सांगा. त्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असं ठरवलं. म्हणजे निकाल उशिरा लागला तरी मधले महिने वाया जात नाहीत. मात्र अर्जच उशिरा केला तर ते महिने गेलेच. लष्कर आणि न्यायालय दोन्हीकडून रक्कम मंजूर झाली तर एकीचा दुसरीत हिशेब धरला जातो, दुप्पट मिळत नाही. म्हणून एकीकडचा हुकूम दुसरीकडे न विसरता कळवा.

बटालियन घरी परतली की पती पुन्हा एमआयडीसीतल्या नोकरीवर जातील. टीएच्या जवानाला मूळ नोकरीत परत घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे, तेव्हा ‘नोकरीच राहिली नाही’ हे सहज मान्य करू नका. इथे कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 कामाला येतो. घरखर्च बंद करणं हा त्या कायद्यानुसार आर्थिक छळ आहे, आणि कलम 20 खाली न्यायदंडाधिकारी थेट मालकाला पगारातला हिस्सा तुमच्याकडे भरायला सांगू शकतात. तो अर्ज भरायला याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. महिला हेल्पलाइन 181 वरून त्यांच्यापर्यंत पोहोचता येईल.

तुम्ही सासरी राहता, ते घर सोडू नका. घर सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या नावावर असलं तरी रीतसर न्यायालयीन मार्गाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. शिवाय ‘तीच सबळ कारणाशिवाय नांदायला तयार नाही’ असा बचाव पोटगीच्या खटल्यात पतीकडून हमखास येतो. तुम्ही तिथेच मुलांसह राहत आहात, यासारखं उत्तर नाही.

आणि कुणी स्टॅम्प पेपरवर ‘आपसात फारकत’ लिहून आणली तर सही करू नका. नोटरीचा शिक्का म्हणजे घटस्फोट नव्हे, पण तुम्ही राजीखुशीने वेगळ्या झालात आणि पोटगी सोडली, असा पुरावा म्हणून तोच कागद तुमच्यासमोर येईल.

राहिली नोकरी जाण्याची भीती. पोटगी मागणं म्हणजे पतीवर शिस्तभंगाचा आरोप ठेवणं नव्हे. युनिटच्या दृष्टीने हा घरखर्चाच्या कपातीचा विषय आहे आणि त्याची ठरलेली पद्धत आहे. ही भीती दाखवून कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं गप्प बसवलं गेलेलं मी पाहिलं आहे. त्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या गप्प बसण्याची किंमत मुलं मोजतात.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा. अर्ज लिहायला आणि युनिटचा पत्ता मिळवायला साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

प्रश्न : माझ्या बहिणीला तीन वर्षांपूर्वी न्यायालयाकडून पोटगीचा हुकूम मिळाला. नवरा टीएत होता, तेव्हा युनिट पैसे कापून पाठवत असे. दीड वर्षापूर्वी तो परत आला आणि पैसे बंद झाले. सगळी थकबाकी वसूल होईल का?

उत्तर : हुकूम अजून जिवंत आहे, तो बटालियनबरोबर संपत नाही. वसुलीसाठी त्याच न्यायालयात अर्ज करा. न्यायालय वॉरंट काढू शकतं आणि तरीही पैसे भरले नाहीत तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. पण या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे दीड वर्षापैकी पहिल्या सहा महिन्यांची रक्कम या मार्गाने मिळणं आताच अवघड झालं आहे, आणि पुढे जाणाऱ्या प्रत्येक महिन्यागणिक मागचा आणखी एक महिना हातातून जाईल. बहिणीला याच आठवड्यात न्यायालयात घेऊन जा.