सूत्रात सीसी कुठंय?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये नवी बाईक आली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती सीसी?" दुसरा, "पॉवर किती?" तिसरा, "टॉप काय मारते?" मग कंपनीवरून वाद सुरू होतो. यामहावाले एकीकडे, पल्सरवाले दुसरीकडे, केटीएमवाले तिसरीकडे आणि बुलेटवाले आपल्याच तंद्रीत! सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा हा वाद रंगू शकतो. पण या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही : "चालवणाऱ्याला येतं किती?"

मित्रांनो, हा लेख त्या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे. आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा भावना बाजूला ठेवू आणि हा प्रश्न दोन बाजूंनी तपासू. आधी रेसिंगचा इतिहास, कारण तिथे रायडर कंपनी बदलतात आणि निकाल सगळ्या जगासमोर लागतो. मग फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स, कारण ते कुठल्याच कंपनीचं नसतं.

२००४ : मशीन बदललं, माणूस तोच

व्हॅलेंटिनो रॉसीने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन वर्षं होंडावर सर्वोच्च गटाचं विश्वविजेतेपद जिंकलं. होंडाचं आरसी२११व्ही हे ९९० सीसीचं व्ही-५ इंजिनाचं मशीन त्या काळात बेस्ट मानलं जायचं. २००३ च्या १६ पैकी १५ शर्यती होंडाने जिंकल्या, आता बोला! साहजिकच लोक म्हणू लागले, या बाईकवर कोणीही जिंकेल.

रॉसीने काय करावं? तो यामहाकडे गेला. या यामहाला २००३ मध्ये एकही शर्यत जिंकता आली नव्हती आणि सर्वोच्च गटातलं त्यांचं शेवटचं विजेतेपद होतं १९९२ चं, वेन रेनीचं. १८ एप्रिल २००४ रोजी दक्षिण आफ्रिकेत वेल्कम इथे सीझनची पहिली शर्यत झाली. रॉसीने होंडावरच्या मॅक्स बियाजीला ०.२१० सेकंदाने मागे टाकलं. वर्षअखेर त्याच्या नावावर ९ विजय आणि विश्वविजेतेपद होतं.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी कंपन्यांचं विजेतेपद मात्र होंडालाच मिळालं! म्हणजे सगळे रायडर धरले तर होंडाच भारी होती, पण एका माणसाने तो हिशोब उलटा केला.

पण नुसतं "रॉसी ग्रेट" म्हणून थांबलो तर आपण मेकॅनिकलवाले कसले? यामहाचे इंजिनिअर मासाओ फुरुसावा यांच्या टीमने त्या वर्षी इंजिनात मोठा बदल केला, तो म्हणजे क्रॉसप्लेन क्रँकशाफ्ट. नेहमीच्या इनलाइन-४ मध्ये चारही पिस्टन एकाच क्षणी वर-खाली टोकाला पोचतात आणि एकाच क्षणी थांबतात. त्यामुळे क्रँकचा वेग प्रत्येक फेरीत कमी-जास्त होतो आणि जडत्वामुळे तयार होणारा टॉर्क ज्वलनाच्या टॉर्कमध्ये मिसळतो. मागच्या टायरला जे मिळतं ते रायडरच्या मनगटाने मागितलेलं नेमकं नसतं. क्रॉसप्लेनमध्ये क्रँकपिन ९० अंशांवर असतात, त्यामुळे हा जडत्वाचा टॉर्क बराचसा एकमेकांत कटतो. थ्रॉटल जेवढा फिरवला तेवढीच ताकद टायरपर्यंत पोचते.

या बदलाचं वैशिष्ट्य लक्षात घ्या. त्याचा मुख्य हेतू बीएचपीचा आकडा फुगवणं हा नव्हता. टायर काय सांगतोय ते रायडरला नीट कळावं, हा होता. ब्रोशरमध्ये अशा गोष्टीला रकानाच नसतो!

पण थांबा, दुसरी बाजूही आहे

नाहीतर म्हणाल, मग काय, रॉसीला लुना दिली तरी जिंकेल. तसं नाही. २०११ मध्ये तोच रॉसी, आपला जुना चीफ मेकॅनिक जेरेमी बर्जेस याला सोबत घेऊन, डुकाटीकडे गेला. दोन वर्षांत एकही विजय नाही! फक्त तीन वेळा पोडियम. पुढच्या चाकाचा भरवसाच त्याला शेवटपर्यंत मिळाला नाही. गंमत म्हणजे केसी स्टोनरने २००७ मध्ये डुकाटीवर विश्वविजेतेपद मिळवलं होतं, आणि २०१० मध्येही तो डुकाटीवर तीन शर्यती जिंकला होता. मग २०११ मध्ये स्टोनर होंडावर गेला आणि लगेच पुन्हा चॅम्पियन झाला.

होर्हे लोरेन्झोचं उदाहरण तर अभ्यासक्रमात घालावं असं आहे. यामहावर त्याने २०१०, २०१२ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदं मिळवली. २०१७ मध्ये डुकाटीवर एकही विजय नाही. २०१८ मध्ये त्याच्या पेट्रोल टाकीचा आकार थोडा बदलला, जेणेकरून ब्रेक मारताना शरीराला टेकू मिळेल आणि हात दमणार नाहीत. मुजेल्लोला तो जिंकला आणि त्या सीझनमध्ये एकूण तीन शर्यती मारल्या. २०१९ मध्ये होंडावर गेला, तर सर्वांत चांगला निकाल ११ वा!

तीन वर्षांत माणूस तोच, टॅलेंट तेच. टाकीच्या एका तुकड्याने जे साधलं ते कुठल्याच बीएचपीने साधलं नसतं.

अगदी अलीकडचं उदाहरण मार्क मार्केझचं. होंडावर सहा वेळा विश्वविजेता. २०२० मध्ये उजव्या दंडाचं हाड मोडलं, त्यावर चार ऑपरेशन्स झाली. शेवटी होंडा सोडून तो २०२४ मध्ये ग्रेसिनी या छोट्या टीमकडून डुकाटीवर बसला, तीही आदल्या वर्षीच्या मॉडेलवर. त्या सीझनच्या २० पैकी १९ शर्यती डुकाटीने जिंकल्या, त्यातल्या १६ नव्या मॉडेलने. जुन्या मॉडेलने तीनच जिंकल्या आणि तिन्ही मार्केझने! २०२५ मध्ये त्याला कंपनीची मुख्य बाईक मिळाली आणि तो पुन्हा विश्वविजेता झाला.

थोडक्यात काय, बाईकला महत्त्व आहेच. पण कागदावरच्या आकड्यांपेक्षा बाईक आणि माणूस यांचं जमणं जास्त महत्त्वाचं, आणि ते जमवणं हेच खरं स्किल.

आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स काढा

रेसर लोकांचं सोडा. आपल्याला ताम्हिणी घाटातून मुळशीमार्गे सुखरूप परत यायचंय. वळणावर बाईक किती झुकवावी लागते त्याचं सूत्र असं :

झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट = वेगाचा वर्ग ÷ (वळणाची त्रिज्या × गुरुत्वत्वरण)

या सूत्रात सीसी कुठंय? बीएचपी कुठंय? कंपनीचं नाव? इतकंच काय, वस्तुमानसुद्धा नाही! १०० सीसी असो वा १००० सीसी, त्याच वळणावर त्याच वेगाला कोन साधारण तोच. (टायरच्या रुंदीमुळे थोडा फरक पडतो, तो सोडून देऊ.)

४० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ६० किमीला कोन येतो सुमारे ३५ अंश. ताशी ७२ ला तो होतो ४५ अंशांच्या वर. वेग फक्त २० टक्के वाढला, पण टायरकडून मागितलेली पकड ४४ टक्के वाढली, कारण वेगाचा वर्ग होतो. आता कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरा. या वळणाची कमाल मर्यादा येते ताशी सुमारे ६४ किमी. पावसात घर्षणांक ०.५ झाला की तीच मर्यादा ५० वर येते. वर खडी, शेवाळ किंवा ट्रकचं सांडलेलं डिझेल असेल तर विचारूच नका.

वेगाचा अंदाज वळणाआधी बांधायचा असतो. तो बांधणारा सेन्सर अजून डोळाच आहे.

ब्रेकचं गणित

आपल्याकडे एक समज पक्का आहे : "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." आता हिशोब करू. बाईक आणि रायडर मिळून २१० किलो, वजन दोन्ही चाकांवर सारखं म्हणजे १०५-१०५. गुरुत्वमध्य ६० सेंमी उंच, दोन चाकांतलं अंतर १.३ मीटर. दोन्ही ब्रेक नीट लावून ०.८ जी इतका वेग कमी केला की पुढच्या चाकावरचा भार होतो सुमारे १८२ किलो आणि मागच्यावर उरतो जेमतेम २८. मागचं चाक हलकं झालंय, ते बिचारं काय थांबवणार?

ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाने जाताना :

दोन्ही ब्रेक नीट लावले तर बाईक सुमारे २५.५ मीटरमध्ये थांबते.

फक्त मागचा ब्रेक लावला तर सुमारे ७० मीटर लागतात.

आता हे दोघे रायडर शेजारी शेजारी चाललेत असं समजा. समोर अचानक एसटी वळली. पहिला जिथे पूर्ण थांबला, तिथून जाताना दुसऱ्याचा वेग अजून ताशी ५७ किमी आहे! दोघांची बाईक एकच असू शकते. किंमतही एकच. फरक फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांचा.

अर्थात पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. भार पुढे सरकायला क्षणभर लागतो. त्याआधीच लिव्हर करकचून दाबला तर चाक लॉक होतं आणि मग खरंच पडायला होतं. म्हणून आधी हलका दाब, मग वाढवत नेणं. लिंबू पिळतो तसं! एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाईकना एबीएस सक्तीचं झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, इतकंच. उशिरा दाबलेला ब्रेक ते लवकर दाबू शकत नाही. एक सेकंद उशीर म्हणजे ७२ च्या वेगाला २० मीटर, बीएचपी कितीही असो.

आणि ती टॉप स्पीड?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे त्यासाठी लागणारी पॉवर वाढते वेगाच्या घनाने. १७ ऐवजी २० पीएसची बाईक घेतली, म्हणजे पॉवर जवळपास १८ टक्क्यांनी वाढली, तर टॉप स्पीड वाढेल साधारण साडेपाच टक्के. १२० ची १२६-१२७. एवढ्यासाठी बाबांशी महिनाभर अबोला धरायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं! त्यातला थोडा पैसा चांगलं हेल्मेट, ग्लोव्ह्ज आणि टायर यांवर गेला तर तो वळणावर आणि ब्रेक मारताना, म्हणजे जिथे गरज असते तिथे, कामाला येतो.

कंपनी बदलताना

नवी बाईक जरूर घ्या. कंपनीही बदला, त्यात बेइमानी वगैरे काही नसते. पण बदलताना शरीराच्या जुन्या सवयी सोबत येतात, हे लक्षात ठेवा. काही बाईकना सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींना पहिला खाली आणि बाकीचे वर. वर्षानुवर्षं दादाची कम्युटर चालवलेला पाय घाईच्या वेळी जुनाच पॅटर्न आठवतो. डिस्कची पकड ड्रमपेक्षा वेगळी. मोठ्या सिंगल सिलिंडरला थ्रॉटल सोडल्यावर इंजिन ब्रेकिंग जास्त. खाली असलेल्या हँडलवर मनगटावर भार येतो आणि ब्रेक मारताना टाकी गुडघ्यांनी धरावी लागते (लोरेन्झो आठवा!). नव्या टायरचे पहिले शंभरेक किमी जपूनच.

म्हणून नवी बाईक आली की पहिल्याच रविवारी लोणावळा नको. रिकामं मैदान किंवा मोकळा रस्ता शोधा, हेल्मेट घाला आणि हा 'प्रॅक्टिकल' करा :

१. ताशी ३० ते ४० वरून सरळ रेषेत थांबणं, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत. दहा वेळा. थांबायचं अंतर पावलांनी मोजा आणि वहीत लिहा.

२. पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा, अगदी हळू. क्लच आणि मागचा ब्रेक यांची ओळख इथे होते.

३. वळताना नजर जिथे जायचंय तिथे. खड्ड्याकडे पाहाल तर खड्ड्यातच जाल, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

४. काउंटरस्टीअरिंग : थोड्या वेगात उजवीकडे वळायला उजवं हँडल हलकेच पुढे ढकला. बाईक उजवीकडे झुकते. हे आपण नकळत करतोच, आता कळून करा.

महिनाभराने पहिल्या पानावरचं अंतर आणि आजचं अंतर शेजारी ठेवा. जो फरक दिसेल तो तुमचा स्वतःचा. तो कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही, आणि उद्या बाईक विकून दुसऱ्या कंपनीची घेतलीत तरी तो तुमच्यासोबत येतो. मग पार्किंगमध्ये कोणी विचारलंच "किती सीसी?", तर सीसी सांगा आणि त्यालाही विचारा, "तुला थांबायला किती मीटर लागतात रे?"