सायनसच्या ऑपरेशननंतर नाक कसं धुवावं

ॲलर्जीतून होणाऱ्या बुरशीच्या सायनसमध्ये सर्जन दुर्बिणीने सायनसची तोंडं मोठी करतात, पॉलिप आणि पीनट बटरसारखा घट्ट शेंबूड काढतात. पण हा आजार पुन्हा उलटतो. वाट मोकळी राहावी म्हणून रोज नाक धुणं भाग आहे. कधी सुरू करायचं ते सर्जनच सांगतील. नाकातलं पॅकिंग निघण्याआधी नाही.

सगळ्यात जपायचं ते पाणी. नळाचं पाणी पिऊन पचतं, नाकात तेच घातक ठरू शकतं. त्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. असे रुग्ण दुर्मीळ, पण वाचतात फार थोडे. म्हणून पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा आणि झाकून कोमट होऊ द्या. फिल्टरच्या पाण्यालाही सूट नाही. जलनेतीची सवय असलेल्यांनीही हे पाळावं.

२४० मिली पाण्यात अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. औषधाच्या दुकानात तयार पुड्या मिळतात, त्या जास्त सोयीच्या. नुसतं पाणी झोंबतं, मीठ विसरू नका.

हात धुऊन बेसिनवर पुढे वाका. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. हे मिठाचं पाणी नाक धुण्याच्या मऊ बाटलीत भरा, तिचं टोक नाकपुडीला लावून बाटली हलकेच दाबा. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून किंवा तोंडातून येईल, ते थुंकून टाका. अर्धी बाटली एका बाजूने, अर्धी दुसरीने. सुरुवातीला काळपट खपल्या आणि थोडं लालसर पाणी येतं, घाबरू नका. मग तसंच वाकून राहा, पाणी गळून जाऊ द्या. जोरात शिंकरू नका. स्टेरॉइडचा स्प्रे दिला असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी मारा.

बाटली रोज साबणाने धुवा, शेवटी उकळलेल्या पाण्याने खंगाळा आणि उघडी वाळवा. ओली बाटली कपाटात बंद केली की तिच्यातच जंतू वाढतात.

म्युकर (म्युकरमायकोसिस) या दुसऱ्या बुरशीच्या आजारासाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णांचं वेगळं. त्यांना बुरशीविरोधी औषध आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणं आधी. टाळूचं किंवा मेंदूलगतचं हाड काढलं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय बाटली लावू नये.

वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी सतत टपकत राहिलं, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, डोळा सुजला, मान आखडली, ताप चढला किंवा रक्त थांबेना, तर धुणं थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.