अधिकार कोणाचा आणि हात कोणाचा?

शाळेच्या कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रावर शाळेचा शिक्का असतो. परंतु ते पत्र प्रत्यक्ष कोणाच्या हातून गेले, हे पाहावयाचे झाल्यास जावक नोंदवही उघडावी लागते. शिक्का अधिकार सांगतो, नोंदवही हात सांगते. पेशव्यांच्या मुद्रेत छत्रपतींचे नाव असे आणि पेशव्यांचे स्वतःचे नावही असे. त्यामुळे सत्ता कोणाची आणि ती चालविणारा कोण, या दोन्ही गोष्टी वाचणाऱ्यास एकदमच कळत. संगणकातही हाच प्रश्न उभा राहतो. व्यवस्थापकाच्या अधिकाराने चाललेली स्क्रिप्ट मुळात कोणी सुरू केली, हे कसे ओळखावे? स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी, एवढे येथे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे.

या प्रश्नाची ओळख आम्हांस आमच्याच चुकीमुळे झाली. संगणक-कक्षातील एका लिनक्स संगणकावर पाच विद्यार्थी पाळीपाळीने बसत आणि सामायिक जागेत ‘निबंध’ नावाच्या फाइलमध्ये आपले लेखन करीत. आपली पाळी संपली की प्रत्येकाने एक स्क्रिप्ट चालवावयाची, असा नियम आम्ही केला. ती स्क्रिप्ट निबंध चालविणाऱ्याच्या फोल्डरात हलवी आणि सामायिक जागा साफ करी. या साफसफाईस व्यवस्थापकाचा अधिकार लागत असल्यामुळे तेवढी एकच स्क्रिप्ट ‘सुडो’ या आज्ञेने चालविण्याची मुभा विद्यार्थ्यांना दिली होती. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी येऊन म्हणाला, “सर, माझा निबंध कुठेच सापडत नाही.” त्याच्यामागोमाग आणखी तिघे आले. शोध घेता पाचव्या मुलाचा निबंध तेवढा व्यवस्थापकाच्या फोल्डरात सापडला. साहजिकच, ‘याने आमचे निबंध पुसले,’ असा बोभाटा वर्गात झाला.

खरा प्रकार काय होता, तो समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीस आरंभ केला. लिनक्सने तिचीच रीत स्वीकारली आहे. या रीतीत संगणक माणसास नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखतो. व्यवस्थापकाचा क्रमांक ० असून त्याचे नाव ‘रूट’ असे आहे. चालू असलेल्या प्रत्येक कामास दोन क्रमांक जोडलेले असतात: एक, काम सुरू करणाऱ्याचा खरा क्रमांक; दुसरा, ज्याच्या अधिकाराने काम चालले आहे त्याचा प्रभावी क्रमांक. सामान्य वापरकर्त्यास ठरावीक कामापुरता दुसऱ्याचा अधिकार उसना देता यावा, अशी युक्ती रिची यांनी योजिली. तिच्या पेटंटासाठी १९७३ साली अर्ज झाला आणि १९७९ साली ते मिळाले. या युक्तीत प्रभावी क्रमांक बदलतो, खरा तसाच राहतो.

पुढे १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ ही आज्ञा तयार केली. ती वापरली असता दोन्ही क्रमांक ० होतात. त्यामुळे स्क्रिप्टने “मी कोण?” असे विचारले, तर “रूट” एवढेच उत्तर येते आणि “माझे फोल्डर कोणते?” असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी रूटचेच फोल्डर दाखविले जाते. आमच्या स्क्रिप्टने पाचही निबंध तेथेच नेले. सर्वांचे नाव एकच असल्यामुळे पुढच्याने मागच्यास पुसले आणि शेवटचा तेवढा राहिला.

मग मूळ वापरकर्ता शोधावा कसा? याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सुडोनेच ठेविलेला आहे. अधिकार देताना ती ‘सुडो_यूजर’ या नावाखाली चालविणाऱ्याचे नाव स्क्रिप्टच्या हाती देते. ते नाव घेऊन संगणकाच्या वापरकर्ता-नोंदीत त्याचे फोल्डर शोधावे, फाइल तेथे ठेवावी आणि तिची मालकीही त्याच्या नावे करावी. नाहीतर घरात वस्तू आहे, पण कुलूप दुसऱ्याचे, अशी गत होते. मात्र ही चिठ्ठी शाईने नव्हे, पेन्सिलीने लिहिलेली आहे. रूटचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो तिच्यावर हवे ते नाव लिहू शकतो. शिवाय ‘सुडो’ न वापरता ‘एसयू’ या आज्ञेने रूट झालेल्या माणसाजवळ ही चिठ्ठी नसतेच.

दुसरा मार्ग टर्मिनलचा. ‘हूअ‍ॅमआय’ ही आज्ञा एका शब्दात लिहिली तर ती प्रभावी नाव, म्हणजे रूट, सांगते. तीच ‘हू अ‍ॅम आय’ अशी तीन शब्दांत लिहिली तर त्या टर्मिनलवर लॉगिन कोणी केले आहे, हे सांगते. केवळ मोकळ्या जागेने अर्थ पालटतो, याची आमच्या विद्यार्थ्यांना मोठी मौज वाटली! परंतु ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामास टर्मिनल नसते. तेथे हा मार्ग खुंटतो.

तिसरा मार्ग अधिक भक्कम आहे. लॉगिन होताच लिनक्सच्या गाभ्यात ‘लॉगिन-यूआयडी’ हा क्रमांक नोंदला जातो. पुढे माणूस सुडो वापरो वा एसयू, हा क्रमांक त्याच्या प्रत्येक कामामागून चालत राहतो. एकदा लिहिला की बदलता येऊ नये, अशी तजवीजही करता येते. संगणक सुरू होताना आपोआप चालू झालेल्या कामास मात्र मूळ वापरकर्ताच नसतो. तेथे ४२९४९६७२९५ ही संख्या दिसते. तिचा अर्थ ‘कोणी नाही’ असा घ्यावयाचा. अशा वेळी स्क्रिप्टने अंदाज न बांधता थांबावे, हेच शहाणपण.

विंडोजमध्येही हा पेच आहे. सामान्य वापरकर्त्याच्या पडद्यावर व्यवस्थापकाने आपला पासवर्ड घालून स्क्रिप्ट चालविली, तर तिला व्यवस्थापकाचेच नाव दिसते. परंतु लॉगिनच्या वेळी मिळालेला सत्र-क्रमांक तोच राहतो. म्हणून त्याच सत्रातील ‘एक्सप्लोरर’ कोणाच्या नावे चालला आहे, हे पाहिले की मूळ वापरकर्ता सापडतो.

आता त्या पाचव्या मुलाविषयी. सुडो आपल्या प्रत्येक वापराची नोंद ठेवते: नाव, वेळ, टर्मिनल आणि आज्ञा. ती नोंद आम्ही वर्गासमोर उघडली. पाच नावे, पाच वेळा आणि प्रत्येकापुढे तीच एक आज्ञा. मुलाने आम्ही सांगितले तेवढेच केले होते; दोष आमच्या स्क्रिप्टचा होता. आम्ही तसे वर्गात स्पष्ट सांगितले, त्या मुलाची क्षमा मागितली आणि चौघांना निबंध पुन्हा लिहिण्यास वेळ दिला. नवी स्क्रिप्ट निबंध हलविण्याचे काम विद्यार्थ्याच्याच नावाने करते आणि साफसफाईपुरताच अधिकार मागते.

विद्यार्थिमित्रांनो, त्या पाचही जणांनी रूटचा एकच पासवर्ड वाटून घेतला असता आणि त्याच नावाने लॉगिन केले असते, तर वरीलपैकी एकही मार्ग कामी आला नसता. नोंदीत पाच वेळा ‘रूट’ दिसले असते आणि तो मुलगा आजही संशयात राहिला असता. नोंदवही चोर पकडण्यासाठी असते, असे आपण समजतो; निरपराध्याची बाजू मांडणारी साक्षीदारही तीच असते. म्हणून आपला पासवर्ड कोणास देऊ नये, दुसऱ्याचा घेऊ नये, आणि अधिकार उसना घ्यावा लागला तर तो आपल्या नावानेच घ्यावा.