सभेत बोलायला भिणारा विद्यार्थी

आमच्या प्रौढांच्या वर्गात एक मावशी येतात. सगळी वस्ती त्यांना मावशीच म्हणते. गेल्या पावसाळ्यात त्यांनी 'ग म भ न'पासून सुरुवात केली. आता त्या एस.टी.वरची पाटी वाचतात, नातवाच्या शाळेतून आलेला कागद वाचतात, सहीही झोकात करतात. एका संध्याकाळी त्या वर्गाला आल्या त्या अगदी तोंड पाडून. आम्ही विचारले, "मावशी, काय झालं?"

"काय सांगू गुरुजी! आज गिरामसभा हुती. वस्तीवरचा हातपंप दोन महिनं बंद हाय. आमी वड्यापल्याडनं पानी आनतो. म्या ठरवून गेल्ते, आज बोलायचंच. सरपंच म्हणालं, कुणाची काय तक्रार? म्या हुबी ऱ्हायले. समद्यांनी वळून बघितलं. घसा कोरडा पडला, पाय लटालटा कापाया लागलं. तशीच खाली बसले. मग त्यांनी वहीत लिवलं, तक्रार न्हाई म्हणून."

वर्गातली मंडळी हसली. आम्ही म्हणालो, "हसता काय? तुमच्यापैकी कोण कोण आजवर सभेत बोललं आहे, हात वर करा पाहू." एकही हात वर झाला नाही.

त्या दिवशी आम्ही हिशेबाची उदाहरणे बाजूला ठेवली आणि एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तीच येथे लिहीत आहोत. हा विद्यार्थी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. तुम्ही म्हणाल, गांधीजींना काय, थोर माणूस, ते बोलणारच! पण तसे नव्हते. त्यांची स्थिती मावशींसारखीच होती, आणि ती एक-दोन दिवस नव्हे, कित्येक वर्षे होती. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे काही न लपवता लिहून ठेवले आहे.

मोहनदास १८६९ साली पोरबंदरला जन्मला. शाळेत तो फार बुजरा होता. घंटा झाली की शाळेत हजर, आणि शाळा सुटली की पळत घरी. वाटेत कोणी गाठून आपली थट्टा करील, ही भीती. १८८८ साली तो बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाला, तेव्हा राजकोटच्या हायस्कुलातल्या मुलांनी त्याला निरोप द्यायला समारंभ केला. आभाराचे चार शब्द त्याने कागदावर लिहून नेले होते. वाचायला उभा राहिला तर डोके गरगरू लागले, सगळे अंग कापू लागले. ते चार शब्दही धड निघेनात.

लंडनला गेल्यावर तरी धीर आला का? नाही. तेथे शाकाहारी लोकांचे एक मंडळ होते. मोहनदास त्याच्या कार्यकारी मंडळात निवडून आला. प्रत्येक बैठकीला तो वेळेवर जाई आणि मुकाट बसून राही. एका मित्राने त्याला एकदा टोचले. माझ्याशी एकट्याशी चांगला बोलतोस, मग बैठकीत तुला होते काय? मधाच्या पोळ्यात काम न करणारी नरमाशी असते, तसा तू आहेस, असे तो म्हणाला. मोहनदासला ते पटले. पण पटले म्हणून काही तोंड उघडले नाही.

मग एक प्रसंग असा आला की बोलणे भागच होते. त्या मंडळात अॅलिन्सन नावाचे एक डॉक्टर होते. संततिनियमनाची साधने लोकांना सांगावीत, असे त्यांचे मत. मंडळाचे अध्यक्ष मोठे कारखानदार होते, मंडळाला पैसाही त्यांचाच होता. त्यांना हे मत मुळीच खपेना. डॉक्टरांना मंडळातून काढावे, असा ठराव आला. मोहनदासलाही डॉक्टरांचे मत पटत नव्हते. पण शाकाहाराच्या मंडळातून माणसाला भलत्याच कारणासाठी काढणे अन्यायाचे आहे, असे त्याला वाटले. पैसेवाल्या अध्यक्षाच्या विरुद्ध बोलायचे होते. त्याने आपले म्हणणे लिहून काढले, कागद खिशात घालून गेला, आणि वाचायला धीर झाला नाही. अध्यक्षांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. ठराव डॉक्टरांच्या विरुद्ध गेला. तरी एक गोष्ट पाहा. तोंड उघडले नाही, पण कागद बोलला. विरुद्ध मत पडले आहे हे सगळ्यांना कळले. मावशींच्या खिशात असा कागद असता तर वहीत 'तक्रार नाही' असे लिहिता आले नसते.

१८९१ साली बॅरिस्टर होऊन ते हिंदुस्थानात परत आले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला. फी ३० रुपये. प्रतिपक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले, आणि काय विचारावे तेच सुचेना! कोर्ट डोळ्यांपुढे फिरू लागले. खाली बसले. हे काम माझ्याने होणार नाही, दुसरा वकील करा, असे सांगून फी परत करून ते कोर्टातून निघून गेले. त्या वकिलाने त्याच खटल्याचे ५१ रुपये घेतले. पुढे एका शाळेत इंग्रजीच्या मास्तरची जागा निघाली, पगार ७५ रुपये. तेथेही अर्ज केला. पण पदवीधर नाही म्हणून तीही मिळाली नाही. बॅरिस्टर असले तरी परीक्षा म्हणाल तर ते लंडनची मॅट्रिक, तीही दुसऱ्या खेपेस पास. आम्ही स्वतः मॅट्रिकच. हे वाचले तेव्हा आम्हाला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

येथवर ऐकल्यावर वर्गातले एक शेतकरी म्हणाले, "गुरुजी, मग पुढं ह्यो मानूस एवढ्या सभा गाजवतोय, ते कसं काय?"

हाच तर मुद्दा आहे. भाषण कसे करावे याचे पुस्तक वाचून ते बोलायला शिकले नाहीत. लंडनमध्ये अशी शिकवणी लावूनही त्यांनी पाहिली होती, आणि लवकरच सोडून दिली होती. ते बोलायला शिकले दक्षिण आफ्रिकेत.

१८९३ साली एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी ते तिकडे गेले. मारित्झबर्ग स्टेशनावर गोऱ्यांनी त्यांना गाडीच्या डब्यातून बाहेर काढले, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढे घोडागाडीच्या प्रवासात मारही खाल्ला. ते प्रिटोरिया शहरात पोचले. तेथे आपल्याकडचे व्यापारी होते, नोकर होते, किरकोळ धंदेवाले होते. रस्त्याच्या कडेच्या पायवाटेवरून चालायचीही त्यांना बंदी. जमीन मालकीची घेता येत नव्हती, घेतली तर नेमून दिलेल्या जागीच. गांधीजींनी त्या सगळ्यांना एका शेठच्या घरी जमवले. आयुष्यातले पहिले खरे भाषण त्यांनी तेथे केले.

तेथे पाय का कापले नाहीत? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. आम्हाला वाटते, लंडनला ते 'मी कसा दिसतो' याचा विचार करत होते, आणि प्रिटोरियाला 'या माणसांचे काय होणार' याचा. शिवाय विषय त्यांनी नीट तयार केला होता. व्यापारात खरे वागावे, घरे-अंगणे स्वच्छ ठेवावीत, हिंदू-मुसलमान-पारशी, गुजराती-मद्रासी हे भेद विसरून एक व्हावे, एवढाच विषय. समोर बसलेल्यांना ते गोड लागेल असेही नव्हते. व्यापाऱ्यांच्या घरी बसून व्यापाऱ्यांनाच सांगायचे, खोटे बोलू नका!

आणि भाषण संपले म्हणजे काम संपले, असे त्यांनी केले नाही. इंग्रजी येत नसल्यामुळे लोकांची अडचण होते, ज्यांना शिकायचे असेल त्यांना मी शिकवीन, असे त्यांनी सभेतच सांगितले. किती जण तयार झाले असतील? तीन! एक न्हावी, एक कारकून आणि एक लहानसा दुकानदार. वर्गाला येणे तिघांनाही जमण्यासारखे नव्हते. मग गांधीजीच त्यांच्याकडे जात. न्हाव्याला गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरते इंग्रजी हवे होते. बाकीचे दोघे आठ महिन्यांत हिशेब लिहायला आणि साधे पत्र लिहायला शिकले. बॅरिस्टर माणूस आठ महिने न्हाव्याच्या दुकानात जाऊन धडा देतो, म्हणजे बोलण्याची केवढी सवय झाली असेल पाहा. लोकांच्या बैठकी पुढे नियमाने होऊ लागल्या. प्रिटोरियात आपला असा एकही माणूस उरला नाही, की जो गांधीजींना माहीत नाही.

आता आमची एक चूक सांगतो. शाळेत असताना दरवर्षी वक्तृत्वाची स्पर्धा येई. आम्ही दरवर्षी तोच एक चुणचुणीत मुलगा निवडत असू. भाषण आम्हीच लिहायचे, त्याने पाठ करायचे, हात कुठे वर करायचा तेही आम्हीच सांगायचे. बक्षीस मिळे, शाळेचे नाव होई. पण मागच्या बाकावरची चाळीस पोरे दहा वर्षांत एकदाही उभी राहिली नाहीत. ती पोरे आज बापे झाली आहेत आणि ग्रामसभेत मागे भिंतीला टेकून बसतात. त्यात आमचाही वाटा आहे.

गोष्ट पुढे चालू करू. १८९४ साली नाताळ नावाच्या प्रांतात सरकारने कायदा आणायचे ठरवले, की हिंदी लोकांना मत देण्याचा हक्क राहणार नाही. गांधीजी परत निघाले होते, निरोपाची मेजवानी चालू होती. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ही बातमी त्यांच्या नजरेस पडली. लोकांनी त्यांना ठेवून घेतले. वरच्या सरकारकडे मोठा अर्ज पाठवायचा ठरले, आणि पंधरा दिवसांत दहा हजार सह्या गोळा झाल्या. गावे लांब लांब, आणि सह्या जमवणाऱ्यांना ते काम अगदी नवे. त्यांना एक ताकीद होती. अर्जात काय आहे हे समोरच्याला पुरते समजल्याशिवाय त्याची सही घ्यायची नाही. म्हणजे दहा हजार माणसांना कोणीतरी बसून समजावून सांगितले! हे काम एकट्या गांधीजींचे नव्हे.

त्याच वर्षी नाताळ इंडियन काँग्रेस ही संस्था निघाली. तिच्या सभांत पहिल्यांदा कोणी उठून बोलेना. सभेत कधी उठावे, आपली पाळी कशी धरावी, विषय कसा सोडू नये, हे गांधीजींनी सर्वांना सांगितले. ज्यांनी जन्मात चार लोकांपुढे तोंड उघडले नव्हते, ते हळूहळू बोलू लागले. ज्याला स्वतःला बोलता येत नव्हते त्यानेच दुसऱ्यांना शिकवले. न बोलणाऱ्याची अडचण त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

वर्गणीची एक गंमत आहे. ही मंडळी एका गावी वर्गणीला गेली. यजमान तीन पौंडांवर जाईना, यांना सहा हवे होते. रात्र झाली, सगळे उपाशी. यजमानाने ताटे मांडली. सहा पौंड दिल्याशिवाय जेवणार नाही, असे यांनी सांगितले. शेजाऱ्यांनी समजावले, तरी तो ऐकेना. सोबतचे लोक मनातून संतापले होते, पण कोणी वेडावाकडा शब्द काढला नाही. रात्रभर बसून राहिले. उजाडता उजाडता यजमानाने सहा पौंड दिले आणि सगळ्यांना पोटभर जेवू घातले. हे आम्ही सांगितले तेव्हा आमच्या वर्गात खूप हशा पिकला.

त्या कायद्याचे काय झाले? पहिला कायदा इंग्लंडच्या सरकारने मंजूर केला नाही. पण १८९६ साली तोच वेगळ्या शब्दांत आला, आणि मंजूर झाला. अर्ज केला की न्याय मिळतोच, असे नाही.

आणि एवढे झाल्यावर गांधीजींची भीती साफ गेली म्हणाल, तर तेही खरे नाही. १८९६ साली ते मुंबईला आले. सर फिरोजशहा मेहता यांनी त्यांची सभा ठरवली. भाषण आधी लिहून छापून घ्या, असे फिरोजशहांनीच बजावले होते. सभागृह खच्चून भरले होते. गांधीजी वाचू लागले. फिरोजशहा म्हणत, मोठ्याने, आणखी मोठ्याने. आवाज मात्र अधिकच खाली जाई. शेवटी त्यांनी कागद केशवराव देशपांडे यांच्या हाती दिला. पण लोक 'वाच्छा, वाच्छा' असे ओरडू लागले. मग दिनशा वाच्छा यांनी ते भाषण वाचले. सभा अगदी शांत झाली. भाषण गांधीजींचे, आवाज वाच्छांचा. दोघांत मिळून काम झाले, यात कमीपणा तो कसला?

आम्ही येथे थांबलो. मावशी कधीच्या पाटीकडे बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मग म्या बी लिवून नेऊ का?"

"न्या की," आम्ही म्हणालो. "पण एकटीचं नको. पंपाचं पाणी किती घरांना लागतं?"

"सतरा."

आठ दिवस मावशी घरोघर गेल्या. वर्गातल्या आणखी दोघी बरोबर होत्या. प्रत्येक घरी कागद वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची. ज्यांना सही येत नव्हती अशा पाचांपैकी तिघांनी त्यासाठी नाव लिहायला शिकून घेतले. दोघांनी अंगठा दिला. कागदावर तीनच वाक्ये होती. पंप कोणत्या तारखेपासून बंद आहे, किती घरांची अडचण आहे, आणि दुरुस्तीला माणूस कधी येणार ते सांगा.

पुढच्या ग्रामसभेत मावशी उभ्या राहिल्या. पहिले वाक्य त्यांनी स्वतः वाचले. दुसऱ्याला अडखळल्या. शेजारी बसलेली सून उठली, तिने कागद धरला आणि उरलेली दोन वाक्ये खणखणीत वाचली. ग्रामसेवकांनी अर्ज घेतला आणि वहीत नोंद केली. मावशींनी ती नोंद तेथेच वाचून पाहिली. त्यात तारीख राहिली होती, ती घालायला लावली.

दुरुस्तीला माणूस अजून आलेला नाही. परवा वर्ग सुटल्यावर मावशी मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, 'स्मरणपत्र' कसं लिवत्यात?" सध्या आम्ही तो धडा घेत आहोत.