पाण्यावर डोंगा उतरवायचा, तर किती लागतात?

संत्र्याचा बहर हातचा गेला की शेंदूरजनाघाट-वरुड भागात जोडधंद्याची चर्चा सुरू होते. त्यात मासेमारीचं नाव हल्ली वारंवार येतं. पाणी जवळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याला लहान-मध्यम प्रकल्प आहेत आणि मोर्शीच्या पुढे सिंभोऱ्याला अप्पर वर्धा आहे. तेरा दरवाजांचं हे धरण अमरावती शहराला पाणी पुरवतं, त्याचा उपयुक्त साठा ५६४ दशलक्ष घनमीटर. एवढं पाणी पाहिलं की वाटतं, एक डोंगा आणि चार जाळी घेतली की झालं.

पण पहिला खर्च डोंग्याचा नाही, चौकशीचा आहे, आणि तो जवळपास फुकट होतो. जलाशयात मासे धरायचा हक्क ठेक्याने दिला जातो आणि तो बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचं सभासदत्व किंवा लेखी परवानगी नसेल तर तुमचं जाळं जप्त होऊ शकतं. तेव्हा संस्थेच्या कार्यालयात जाऊन तीन प्रश्न विचारा. नवा सभासद घेता का? मासा बाहेर विकता येतो, की काट्यावर संस्थेलाच द्यावा लागतो? संस्थेला द्यावा लागत असेल तर किलोमागे हातात किती पडतात? बाजारात रोहू ज्या भावाने जातो तो आकडा इथे कामाचा नाही, काट्यावर तुम्हाला मिळणारा दर कामाचा आहे. खाली दिलेला सगळा हिशेब शेवटी त्या दराने भागायचा आहे. खालच्या किमती अंदाजाच्या आहेत. लोखंड आणि नायलॉनचा भाव हलला की त्याही हलतील.

आता डोंगा. फायबरचा तयार डोंगा बारा-चौदा फुटी घेतला तर चाळीस ते सत्तर हजार लागतात. तो हलका असतो, गंजत नाही, पण खुंटावर आपटून फुटला तर दुरुस्ती करणारा जवळ मिळेलच असं नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिला डोंगा पत्र्याचा करा. ट्रॉलीचं काम करणारा वेल्डर तो करू शकतो आणि पुढे डागडुजीही तोच करतो.

वेल्डरकडे जाताना माप घेऊन जा. चौदा फूट लांब, तीन फूट रुंद, सव्वा फूट उंच, दोन्ही टोकं उतरती. याला १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. आठ बाय चारचे तीन पत्रे पुरतात. असा एक पत्रा साधारण ३७ किलो भरतो, म्हणजे तीन मिळून ११० किलो. किलोला सत्तर रुपये धरले तर पत्र्याचे पावणेआठ हजार झाले. काठाला आणि आतल्या आडव्या आधारांना एक इंची अँगल वीस-पंचवीस किलो लागतो, त्याचे दीड हजार. मजुरी पाच ते सात हजार, रेड ऑक्साइड आणि रंग दीड हजार. दोन बांबूची वल्ही, बसायच्या फळ्या आणि दोर धरून सगळा डोंगा अठरा ते बावीस हजारांत पाण्यावर येतो. २० गेजचा पतला पत्रा लावून चार हजार वाचवून देतो म्हणणारे भेटतील. तसा डोंगा खुंटावर लगेच चेपतो आणि गंज आरपार यायला वेळ लागत नाही. ती बचत घेऊ नका.

लोखंडी डोंग्यात पाणी शिरलं की तो सरळ तळाला जातो. म्हणून दोन्ही टोकांच्या फळीखाली हवाबंद जागा हवीच. याचा हिशेब सोपा आहे. डोंग्याचं लोखंड सव्वाशे किलो धरलं, तर पाण्याखाली त्याचा भार साधारण ११० किलो उरतो. घट्ट झाकणाची रिकामी वीस लिटरची कॅन पाण्यात बुडाली की वीस किलो भार तोलते. सहा कॅन डोंग्याला जेमतेम तरंगत ठेवतात. आठ बसवल्या तर उलटलेल्या डोंग्याला दोन माणसं धरून राहू शकतात. चार पुढे, चार मागे, वरून पट्टी आवळून बोल्टने कसलेल्या. नुसत्या सुतळीने बांधलेल्या कॅन पाण्याच्या जोराने सुटून निघून जातात. जुन्या कॅन हजार-बाराशेत होतात. वेल्डरला हे आधीच सांगा, कारण रंग झाल्यावर पट्ट्या वेल्ड केल्या की त्याच जागेपासून गंज धरतो.

याच्याच जोडीने लाइफ जॅकेट. हजार ते दोन हजारांत चांगलं मिळतं. डोंग्यात जितकी माणसं तितकी जॅकेटं, आणि ती अंगावर. फळीखाली ठेवलेलं जॅकेट डोंगा उलटताना सापडत नाही. घेताना अंगात घालून पाहा: कोणाला तरी खांद्यावरून वर ओढायला सांगा, ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप मोठं आहे. वरुड तालुक्यातल्या माणसाला हे पटवून द्यावं लागू नये. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच तालुक्यात, झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि दशक्रियेसाठी जमलेले ११ जण गेले. त्या दिवसानंतर तरी दोन-तीन हजार रुपये जास्तीचा खर्च म्हणून कोणी खोडू नयेत.

डोंग्यावर माणसं किती, हेही आकड्यात बघा. वरच्या मापाचा डोंगा दर ८५ किलोला साधारण एक इंच पाण्यात बसतो. डोंग्याचं स्वतःचं वजन, दोन माणसं, ओली जाळी आणि साठ किलो मासा धरून तो चार-सव्वाचार इंच बसतो. सहा माणसं बसली तरी काठ पाण्याला टेकत नाही, म्हणून लोक बसतात. धोका बुडण्याचा नसतो, सगळे एका बाजूला सरकण्याचा असतो. तीन फूट रुंदीचा डोंगा तेवढ्यावर कलतो. दोन माणसांचा डोंगा दोघांसाठीच ठेवा, पाहुण्यांना धरण दाखवायला काढू नका.

डोंगा एकदाच घ्यायचा असतो. रंग वेळेवर दिला तर सात-आठ वर्षं जातो. पैसा दरवर्षी खातं ते जाळं. जलाशयात मुख्य भिस्त फासजाळ्यावर असते. संध्याकाळी पाण्यात उभं सोडायचं, पहाटे उचलायचं. तंगूसाचं जाळं पाण्यात दिसत नाही म्हणून मासा चांगला लागतो, पण ते एक-दोन हंगामांतच संपतं. बुडीत क्षेत्रातले खुंट, खेकडे आणि ऊन ही त्याची कारणं. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात काठावर पसरून ठेवलेलं जाळं हातानं ओढलं तरी तुटू लागतं. उचललं की झटकून, धुऊन, संत्र्याच्या प्लास्टिक क्रेटमध्ये सावलीत ठेवा. एका क्रेटमध्ये एकच तुकडा, म्हणजे सोडताना गुंता होत नाही.

दुकानात सगळ्यात जास्त फसगत आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या छिद्राच्या, मापात होते. कोणी गाठीपासून गाठीपर्यंत मोजतो, कोणी आस ताणून. गाठ ते गाठ ५० मिलिमीटर असलेलं जाळं ताणून १०० भरतं. फोनवर नुसतं ‘शंभरचं द्या’ म्हटलं तर दुप्पट मोठं किंवा निम्मं जाळं हातात येऊ शकतं. पट्टी खिशात ठेवा आणि दहा आस एकत्र ताणून मोजा.

किती आसाचं घ्यायचं, त्यासाठी संस्थेच्या काट्यावर जा. तुम्हाला जेवढा मासा धरायचा आहे तेवढा रोहू किंवा कटला उचला, पोटाला जिथे तो सर्वांत जाड आहे तिथे दोरा गुंडाळा आणि घेर मोजा. घेराला पाचने भागा. घेर ३० सेंटिमीटर आला तर आस गाठ ते गाठ ६० मिलिमीटर. डोकं आत जातं, पोट अडतं आणि कल्ल्यामागे फास बसतो. कटल्याचं डोकं मोठं असतं, त्याला यापेक्षा थोडा मोठा आस लागतो. त्याहून बारीक आस घेऊ नका. अर्धा किलोचा कटला आज काढला तर त्याचे किती पैसे येणार? तोच मासा पाण्यात राहिला तर वर्षभरात कितीतरी वाढतो. शिवाय बहुतेक ठिकाणी बोटुकली संस्थेनेच सोडलेली असतात, म्हणजे ते नुकसान तुमच्याच संस्थेचं.

आणखी एक बाब विकणारा आपणहून सांगत नाही. जाळं शंभर मीटर म्हणून घेतलं तरी दोरावर चढवताना ते ढिलं ठेवावं लागतं, म्हणून पाण्यात साधारण पन्नास मीटरच उभं राहतं. ताणून बसवलं तर मासा आपटून परत फिरतो. पन्नास मीटरचा एक तुकडा वरचा दोर, चप्पलच्या रबराची बुचं आणि खाली शिसं धरून दीड ते दोन हजारांत तयार होतो. घरी जाळं भरता येत असेल तर प्रत्येक तुकड्यामागे तीन-चारशे वाचतात. सुरुवातीला सहा तुकडे पुरेत: चार तुम्ही काढलेल्या मापाचे, दोन त्याहून मोठ्या आसाचे. म्हणजे नऊ ते बारा हजार. यातले निम्मे दरवर्षी नवे घ्यावे लागतील असं धरूनच चाला.

काही तरुणांना जाळ्यापेक्षा काठ्यांचा सोस असतो. अमेरिकेत क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी बोटीच्या पुढच्या टोकाला सात-आठ काठ्या पंख्यासारख्या लावून अगदी हळू जायची पद्धत आहे. मिसिसिपीतला ग्रेनाडा जलाशय त्यासाठी प्रसिद्ध आहे. ती तऱ्हा आपल्या डोंग्यावरही जमते आणि स्वस्तात जमते. काठाच्या अँगलला चाळीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचे फूटभर तुकडे तिरपे आवळले की काठी खोवायची सोय झाली. पुढे दहा-बारा फुटी चार बांबू, प्रत्येकाची दोरी वेगळ्या खोलीवर, म्हणजे त्या दिवशी मासा कोणत्या थरात आहे ते कळतं. बांबू, तंगूस, गळ, शिसं मिळून हजार-बाराशेत चार काठ्या होतात. फायबरची रीळवाली काठी घेतली तर एकीचेच दीड ते तीन हजार. वल्हं इतकं हळू मारायचं की दोऱ्या जवळपास सरळ खाली राहतील. यावर रोजचा चुलखर्च निघणार नाही, पण जाळं न लागणाऱ्या दिवशी शिकारी मासा मिळतो. यालाही परवानगी लागतेच.

मोटर घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. काठापासून अर्ध्या-एक किलोमीटरच्या आत सहा तुकडे लावायला दोन वल्ही पुरतात.

बर्फपेटी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ हे माप पाळावं लागतं, नाहीतर सकाळी सातला काढलेला मासा दहाला काट्यावर मऊ लागतो आणि भाव उतरतो. सत्तर लिटरची पेटी अडीच-तीन हजारांत मिळते. किरकोळ विक्री स्वतः करणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकलचा खर्च ७५ हजार धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. अंगणात आधीच दुचाकी उभी असेल तर तिच्यावर पेटी बांधा, नव्या गाडीच्या मागे लागू नका.

त्याच योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर अडीच लाख. हप्ता सरकार भरतं. तुमचं नाव यादीत आहे की नाही, ते संस्थेच्या सचिवांना विचारून डोळ्यांनी पाहा.

आता बेरीज. डोंगा वीस हजार, कॅन आणि दोन जॅकेटं चार हजार, जाळी दहा हजार, पेटी तीन हजार, काठ्या आणि किरकोळ दोन हजार. एकोणचाळीस-चाळीस हजारांत दोन माणसांचा डोंगा उभा राहतो. एकट्याने करू नका, भागीदार घ्या. एकाने वल्हं धरायचं आणि दुसऱ्याने जाळं उचलायचं, असं हे दोघांचंच काम आहे. वर्षाचा खर्च मात्र वेगळा मांडा: डोंग्याची झीज अडीच हजार, नवी जाळी पाच-सहा हजार, रंग-दोर दोन हजार, बर्फ आणि येण्याजाण्याचं पेट्रोल दहा हजार. म्हणजे वीस हजार. काट्यावर किलोला साठ रुपये हातात पडत असतील तर पहिला सव्वातीनशे-साडेतीनशे किलो मासा फक्त खर्च भरून काढतो. दोघांची मजुरी त्याच्या पुढे सुरू होते. तुमच्या जलाशयावर जुने सभासद वर्षाला किती काढतात ते विचारा आणि या आकड्याशी ताडून बघा. जेमतेम तेवढंच काढत असतील तर डोंगा घेऊ नका, एखाद्या जुन्या डोंग्यावर भागीने हंगाम काढा.

पैसा उभा करायचा असेल तर किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. बँकेत संस्थेचा सभासद दाखला घेऊन जा. जाळी आणि बिगरयांत्रिकी नावेसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडूनही अर्थसाहाय्य मिळतं, त्यासाठी अमरावतीच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. बहुतेक अनुदानांत मंजुरीच्या आधी केलेली खरेदी धरली जात नाही, म्हणून वेल्डरला आगाऊ रक्कम देण्याआधी अर्ज करा आणि पत्रा-अँगलचं जीएसटी बिल स्वतःच्या नावावर घ्या.

डोंगा उन्हाळ्यात करून ठेवावा, त्या वेळी पाणी उतरलेलं असतं आणि खुंट कुठे आहेत ते पायी फिरून बघता येतं. पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहावर चढतात, तेव्हा जाळं बंद ठेवायचं. दरवाजे उघडण्याचा इशारा आला असेल तर डोंगा काठावर ओढून उलटा घालायचा. जाळी पाऊस ओसरता ओसरता घ्या. आधी घेऊन ठेवलेलं नायलॉन पत्र्याच्या खोलीत नुसतं तापून कमजोर होतं.